'व्हाय वरी'ची शेवटची तीन मिनिटं

रेकॉर्ड छान वाजत होती. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, 'व्हाय वरी'. शब्द संपले, दोन गिटारींचे सूर एकमेकांत गुंतायला लागले, आणि मी हातातला कप खाली ठेवून डोळे मिटले, कारण माझ्यासाठी हे गाणं खरं तिथून पुढे आहे. पण आवाज बारीक होत गेला. थोड्याच वेळात पिन मधल्या कोऱ्या रेघेत जाऊन टक, टक करायला लागली.

२०११ सालची गोष्ट. 'डायर स्ट्रेट्स' या ब्रिटिश रॉक बँडचा 'ब्रदर्स इन आर्म्स' हा अल्बम मला त्या रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात साडेतीनशे रुपयांना मिळाला होता. निळ्या आकाशात तरंगणारी पत्र्याची चकचकीत गिटार असलेलं ते मुखपृष्ठ जुन्या कुलपांच्या आणि पितळी भांड्यांच्या शेजारी उभं होतं. घरी आणून ओल्या मऊ फडक्याने पुसली, वाळू दिली, आणि दुपारी लावली. गाणं असं अर्ध्यात विरलं तेव्हा मला वाटलं, रेकॉर्डच सदोष आहे. मग पाकिटामागे छापलेल्या वेळा वाचल्या. 'व्हाय वरी' : ५ मिनिटं २२ सेकंद.

माझ्या डोक्यातलं 'व्हाय वरी' साडेआठ मिनिटांचं आहे. ते तसं का आहे, हे सांगायचं तर साताऱ्याच्या घरातल्या एका कॅसेटपासून सुरुवात करायला हवी.

ती टीडीके डी-९० होती आणि ती आईची होती. आमच्याकडे तेव्हा रेडिओ वेगळा आणि टेपरेकॉर्डर वेगळा. आकाशवाणीवर नाट्यसंगीत लागलं की आई टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवायची, लाल आणि काळं बटण एकदम दाबायची आणि आम्हा दोघांकडे बघून ओठांवर बोट ठेवायची. आम्ही गप्प बसायचो, पण घर गप्प बसायचं नाही. त्या कॅसेटमध्ये छोटा गंधर्वांच्या आवाजासोबत आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्याही आहेत. रेकॉर्डिंग झाल्यावर आईने कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडून टाकल्या, म्हणजे त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये.

१९८८ साली दादा मुंबईला शिकायला होता. त्याच्या एका मित्राचे वडील जहाजावर नोकरीला होते आणि त्यांनी घरी सीडी प्लेअर आणला होता. सोबत मोजून सहा सीडी. दादाला कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. दिवाळीच्या सुट्टीतून परत जाताना त्याने आईची डी-९० पिशवीत टाकली, मुंबईत मोडलेल्या खुंट्यांच्या खाचांवर सेलोटेप चिकटवला आणि तिच्यावर 'ब्रदर्स इन आर्म्स' उतरवून घेतला. आईला कळलं तेव्हा ती त्याला काही बोलली नाही. दोन दिवस ती कोणाशीच फारसं बोलली नाही.

आता हिशेब बघा. डी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची. अल्बमची पहिली पाच गाणी सीडीवर जवळजवळ ३३ मिनिटं चालतात. म्हणजे पहिल्या बाजूच्या शेवटी बारा मिनिटं आईचं नाट्यसंगीत तसंच शिल्लक राहिलं. 'व्हाय वरी' विरत विरत संपतं, दोन सेकंद फक्त फितीची खरखर, आणि मग खट् असा आवाज होऊन छोटा गंधर्व एका तानेच्या मध्यावर सुरू होतात. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. त्या हिवाळ्यात मी ही बाजू इतक्या वेळा ऐकली की ते गाणं आणि ती तान माझ्यासाठी कायमची एकमेकांना जोडली गेली.

तेव्हा माझं कॅसेटवरचं गाणं पूर्ण होतं आणि माझ्या हातातली खरी, परदेशात छापलेली रेकॉर्ड मात्र अपुरी होती. हे असं कसं, या प्रश्नामागे मी गेली काही वर्षं आहे.

कारण सोपं आहे आणि ते भूमितीत आहे. एलपी, म्हणजे ही मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते आणि रेघ बाहेरून आत सर्पिल जाते. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं संगीत असेल तर रेघा ऐसपैस कापता येतात. ढोल, बेस यांचा खर्ज रेघेला आडवं हलवतो, तिला जागा लागते. मिनिटं वाढवायची तर रेघा जवळ आणाव्या लागतात, त्यासाठी एकूण आवाजाची पातळी खाली आणावी लागते किंवा खर्ज कमी करावा लागतो, आणि पातळी खाली आली की रेकॉर्डची स्वतःची खसखस वर येते. एका बाजूवर ३३ मिनिटांचं रॉक संगीत बसवलं तर ते बसेल, पण दम गेलेलं असेल. म्हणून गाणी कापली. 'सो फार अवे' सीडीवर ५:१२ आहे, एलपीवर ३:५९. 'मनी फॉर नथिंग' ८:२६ चं ७:०४ झालं. 'युवर लेटेस्ट ट्रिक' ६:३३ वरून ४:४६ वर आलं. सगळ्यात जास्त कात्री 'व्हाय वरी'वर चालली, तीन मिनिटांहून जास्त. दुसऱ्या बाजूची चार गाणी मुळातच बावीस मिनिटांच्या आसपास होती, ती जवळपास तशीच राहिली. पूर्ण अल्बम सीडीवर आणि कॅसेटवर ५५ मिनिटांचा, एलपीवर ४७.

१९८५च्या मे महिन्यात हा अल्बम आला तेव्हा सीडी बाजारात येऊन तीन वर्षंही झाली नव्हती. फिलिप्सने त्या वर्षीच्या डायर स्ट्रेट्सच्या दौऱ्याला पैसा पुरवला होता, आणि त्यांची रेकॉर्ड कंपनी फिलिप्सच्याच कुळातली होती. सीडीवर दहा लाखांवर खपलेला हा पहिला अल्बम. म्हणजे एका नव्या माध्यमाला दाखवायला माल हवा होता आणि हा माल त्या माध्यमाच्या मापाने शिवला गेला. एलपी घेणाऱ्याला आठ मिनिटं कमी मिळाली. मला हे अजूनही लागतं. ज्यांच्या घरी फक्त रेकॉर्ड होती त्यांनी कित्येक वर्षं 'व्हाय वरी' हे पाच मिनिटांचं गाणं म्हणूनच ऐकलं असणार.

तर 'कुठल्या माध्यमात आवाज चांगला' या प्रश्नाच्या आधी 'कुठल्या माध्यमात गाणं किती' हा प्रश्न येतो, हे मला त्या रविवारी पहिल्यांदा समजलं. त्यानंतर मी हे नीट, पद्धतशीर ऐकायचं ठरवलं.

माझ्याकडे आता या एका अल्बमची पाच रूपं आहेत. आईची (म्हणजे आधी आईची, मग दादाची, मग माझी) कॅसेट. ती कॅसेट जिच्यावरून उतरवली तीच १९८५च्या मास्टरची सीडी; दादाचा मित्र परदेशी स्थायिक होताना ती दादाला देऊन गेला आणि दादाने मला. १९९६ साली निघालेल्या रीमास्टरची, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने जुळवून काढलेली सीडी, ही मी १९९८ मध्ये काळ्या घोड्याच्या 'ऱ्हिदम हाऊस'मधून घेतली होती. जुन्या बाजारातली एलपी. आणि २००१च्या सुमारास ऑफिसमधल्या कोणीतरी दिलेल्या एमपी-थ्री फाइली, १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहितीच्या.

तुलना करताना एक गोष्ट पाळलीच पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया. आवाजाची पातळी सारखी करायची. दोन आवाजांत एक जरासा मोठा असेल तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. मी सगळी रूपं संगणकात घेतली, प्रत्येक गाण्याचा तोच तुकडा कापला, सरासरी पातळी एकसारखी केली, आणि माझ्या मुलाला सांगितलं की क्रम तू ठरव, मला सांगू नकोस. तो खुर्ची माझ्या पाठीमागे घेऊन बसायचा आणि वहीत लिहायचा. पावसाळ्यातले चार शनिवार आम्ही हे केलं.

कॅसेटपासून सांगते. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक. त्यामुळे तिची स्वतःची खरखर असतेच, आणि साध्या फितीवर डॉल्बी (खरखर दाबणारी सोय) न लावता भरलेलं असेल तर ती प्रत्येक शांत जागेत ऐकू येते. वरचे सूर झिजतात. झांजेवर काठी पडल्याचं कळतं, पण तिचा थरथरत जाणारा शेवट हरवतो. फीत वाचणारं हेड किंचित तिरकं असेल तर तेवढंही उरत नाही. त्यासाठी टेपरेकॉर्डरच्या पुढच्या छोट्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून वाजत्या गाण्यावर स्क्रू फिरवायचा, आवाज उघडला की थांबायचं. साताऱ्यात हे काम दादा करायचा. आता मी करते.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'राइड अक्रॉस द रिव्हर'. त्याच्या सुरुवातीला रातकिडे आहेत. मला हे १९९८पर्यंत माहीत नव्हतं! कॅसेटवर ते खरखरीत मिसळून गेले होते, आणि आमच्या साताऱ्याच्या घरामागे पावसाळ्यात खरे रातकिडे इतके ओरडायचे की त्या गाण्याच्या सुरुवातीला रात्रीचा आवाज येतो तो खिडकीतून येतो असंच मी धरून चालले होते. रीमास्टरची सीडी लावली तेव्हा मी प्रभात रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर, मार्च महिन्यात, दार-खिडक्या बंद करून बसले होते आणि खोलीत किडे किरकिरायला लागले. मी उठून खिडकी तपासली.

सीडीची ताकद ही आहे. १६ बिट म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजापासून तळाच्या खरखरीपर्यंत साधारण ९६ डेसिबलची उंची. एलपीत ती साठ-सत्तरच्या घरात, साध्या कॅसेटवर पन्नासच्या आसपास. तळ इतका खाली गेला की रातकिड्यांना जागा मिळते.

पण मग सीडी आणि सीडीतही फरक आहे, आणि या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोठा फरक तिथेच सापडला. १९८५ची सीडी आणि १९९६ची सीडी. माध्यम तेच, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने). मास्टरिंग करणारा माणूसही तोच, बॉब लडविग. दोन्हींचा 'मनी फॉर नथिंग'चा सुरुवातीचा तुकडा घेतला. हा तुकडा मुद्दाम निवडला. आधी दुरून येणारा पाहुणा गायक स्टिंगचा वरच्या पट्टीतला आवाज, खाली सिंथेसायझरचा दाटत जाणारा ढग, मग ड्रम्स चढत चढत जातात आणि एका टोकाला सगळं थांबून ती गिटार तोडून आत येते. अल्बममधले जवळजवळ सगळे ड्रम्स ओमर हकीमने येऊन दोन दिवसांत नव्याने वाजवले, पण हा चढाव बँडचा तेव्हाचा ड्रमर टेरी विल्यम्सचा आहे, तो तसाच ठेवला गेला. ठेवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते.

१९८५च्या सीडीवर हा चढाव खरोखर चढाव आहे. सुरुवात इतकी हळू की आवाज वाढवावासा वाटतो, आणि मग शेवटचे ठोके छातीवर येतात. १९९६च्या सीडीवर सुरुवातच वर आहे. सगळं जवळ, स्पष्ट, चकचकीत. किडे, श्वास, तारेवर घसरणारं बोट, सगळं दिसतं. पण शेवटी चढायला जागा कमी उरते. पातळी सारखी न करता ऐकलं तेव्हा मला रीमास्टरच आवडायचं, पंधरा वर्षं मी तेच ऐकत होते. पातळी सारखी केल्यावर, पाठ करून बसलेली असताना, मी दहापैकी दहा वेळा जुन्या सीडीचा ठोका निवडला. मुलाने वही दाखवली तेव्हा मला स्वतःलाच विश्वास बसेना. संगणकावर दोन्हींच्या लहरी शेजारी शेजारी ठेवल्या तर उलगडा होतो: जुनीच्या लहरी सह्याद्रीसारख्या, खोल दऱ्या आणि सुळके, नवीच्या पठारासारख्या. अर्थात १९९६चं हे पठार पुढच्या दशकात जे झालं त्याच्या मानाने फारच सौम्य आहे. २००० नंतरचे कितीतरी रॉक अल्बम इतके दाबून भरलेत की लहर म्हणजे नुसती वीट दिसते.

एमपी-थ्रीबद्दल फार लिहीत नाही. १२८ केबीपीएस म्हणजे सीडीच्या माहितीचा अकरावा हिस्सा. कानाला जे ऐकू येणार नाही असं गणित सांगतं ते टाकून द्यायचं, ही कल्पना मोठी आहे आणि जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी ती फार कष्टाने घडवली. पण या अल्बमवर ती १२८ला उघडी पडते, कारण हकीमची हाय-हॅट. ती झांज नुसती वाजत नाही, ओल्या वाळूवर पाय पडावा तशी चिरडत जाते. मी दहापैकी नऊ वेळा ओळखलं. मग मुलाने त्याच जुन्या सीडीवरून ३२० केबीपीएसची फाइल बनवली, तिथे दहापैकी पाच. म्हणजे ओळखता आलंच नाही. तेव्हा आज कोणी मला विचारलं की फोनवर ऐकायला ३२० चालेल का, तर माझं उत्तर 'हो' आहे, आणि ते अंदाजाने दिलेलं नाही.

आता एलपी. एवढा राग सांगितल्यावर कोणाला वाटेल मी तिला बाजूला ठेवली. नाही. एलपीवरचा 'सो फार अवे' मला या पाचांत सगळ्यात जास्त आवडतो. बाजूचं पहिलं गाणं, म्हणजे बाहेरची कड. तिथे पिनेखालून सेकंदाला अर्धा मीटरभर रेघ सरकते. बेस गोल, भरीव, गाणाऱ्याचा आवाज थोडा पुढे. पिन आत सरकते तशी तेवढ्याच फेऱ्यात कमी अंतर कापलं जातं, आणि मध्याजवळ पोचेपर्यंत वेग वीस-एकवीस सेंटिमीटरवर येतो. तेवढ्याच सुरांना निम्म्याहून कमी जागा. वरचे सूर तिथे फाटायला लागतात. दुर्दैव असं की या अल्बमची दोन सगळ्यात नाजूक गाणी, 'व्हाय वरी' आणि शेवटचं 'ब्रदर्स इन आर्म्स', दोन्ही बाजूंच्या अगदी आतल्या कडेला आहेत. 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या सुरुवातीला ढग गडगडतो, तो एलपीवर उत्तम. पण शेवटाकडे बँडचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरची गिटार एकेक सूर लांबवत नेते, तिथे माझ्या रेकॉर्डवर सुराच्या कडेला एक काटा येतो. पिन बदलली, तोल पुन्हा लावला, काटा कमी झाला, गेला नाही.

इथे एक प्रश्न माझ्या मित्रमंडळींत नेहमी येतो: एलपी 'अ‍ॅनालॉग' म्हणून जास्त ऊबदार, जास्त खरी. या अल्बमपुरतं ते टिकत नाही. 'ब्रदर्स इन आर्म्स' मुळातच डिजिटल फितीवर रेकॉर्ड झाला आहे, सोनीच्या २४ ट्रॅकच्या यंत्रावर, १६ बिटमध्ये. १९८४च्या अखेरीपासून १९८५च्या सुरुवातीपर्यंत, कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्सेरात बेटावर, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत. नॉफ्लर आणि नील डॉर्फ्समन यांनी मिळून तो घडवला. 'मनी फॉर नथिंग'च्या गिटारचा तो नाकात बोलल्यासारखा आवाज तिथेच सापडला: अ‍ॅम्प्लिफायरसमोरचे मायक्रोफोन अजून नीट लावून व्हायचे होते, एक तर जमिनीकडेच वळलेला होता, आणि कंट्रोल रूममध्ये तोच आवाज ऐकून सगळ्यांनी हात काढून घेतले. तो स्टुडिओ आता नाही. १९८९च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो वादळाने तो मोडला, आणि १९९५पासून पेटलेल्या ज्वालामुखीने बेटाची राजधानीच राखेखाली गाडली. त्या टेकडीवरच्या खोलीचा आवाज आता फक्त या पंचावन्न मिनिटांत आणि तिथे झालेल्या इतर रेकॉर्डिंगांत आहे. म्हणून मला त्यातलं एक मिनिटही कापलेलं सहन होत नाही.

तर एलपीतली ऊब रेकॉर्डिंगमधून आलेली नाही. ती कापताना आणि वाजवताना तयार झाली आहे, खर्जाची आणि वरच्या सुरांची केलेली सोय, पिनेचा आणि ती धरणाऱ्या कार्ट्रिजचा स्वतःचा रंग. ती मला आवडते. पण तिला मी 'मूळ' म्हणणार नाही.

याच कारणाने २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या महागड्या फाइली या अल्बमसाठी घ्याव्यात का, तर माझं मत नको असं आहे. ट्रॅक १६ बिटमध्ये भरलेले. पाण्याची टाकी तेवढीच आहे, मोठी घागर घेऊन पाणी वाढत नाही.

एक अपवाद. औंधला एका मैत्रिणीकडे एसएसीडी (जास्त माहिती मावणारी, पाच स्पीकरांसाठीही आवाज देणारी सीडी) वाजवणारा प्लेअर आणि पाच स्पीकर आहेत, आणि तिच्याकडे २००५ साली निघालेली वीस वर्षांनंतरची आवृत्ती आहे. त्यात चक एनलीने अल्बम पाच स्पीकरांसाठी नव्याने मिसळला, त्याला ग्रॅमीही मिळालं. मी तिथे फक्त 'राइड अक्रॉस द रिव्हर' आणि 'व्हाय वरी' ऐकली. रातकिडे मागून आले. 'व्हाय वरी'च्या शेवटच्या तीन मिनिटांत गिटारी दोन भिंतींवरून एकमेकींना उत्तरं देतात आणि आपण मध्ये बसलेले असतो. मैत्रीण स्वयंपाकघरात होती, बरं झालं. ते बिटांमुळे झालं नाही, ट्रॅक पुन्हा सुटे करून कोणीतरी प्रेमाने पुन्हा मांडले म्हणून झालं.

अलीकडे हा अल्बम पूर्ण लांबीत दोन एलपींवरही निघाला आहे, प्रत्येक बाजूला मोजकी गाणी. मी ती घेतली नाही. घ्यावीशी वाटते, दर महिन्याला वाटते.

गेल्या महिन्यात मात्र मी दुसरंच काम काढलं. आईच्या डी-९०मधला फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता, आवाज येत-जात होता. कॅसेटचे पाच स्क्रू काढले, एका निकामी कॅसेटमधला फेल्ट चिमट्याने बसवला. सेलोटेप अजून तिथेच आहे, पिवळा पडून खाचांना चिकटलेला. स्क्रूड्रायव्हर घेऊन हेड आधी 'वॉक ऑफ लाइफ'वर लावलं. मग 'व्हाय वरी' संपल्यावर ते पुन्हा लावावं लागलं, कारण आईचा टेपरेकॉर्डर वेगळा, त्याच्या हेडचा तिरकेपणा वेगळा. एकाच फितीवर दोन यंत्रांच्या दोन सह्या. स्क्रू जरासा डावीकडे नेला आणि छोटा गंधर्वांच्या आवाजावरची जुनी गोधडी बाजूला झाली. तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू आल्या. त्या सुरात आमच्या स्वयंपाकघराची खोली ऐकू येते, फरशी, उंच छत, बाहेर कोणाची तरी सायकल.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या घरातल्या आवाजाची ही एकच फीत आहे, आणि त्यातलीही पंचावन्न मिनिटं दादाने पुसली. याबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

पूर्ण बाजू मी एका तुकड्यात, न कापता संगणकात घेतली. ३३ मिनिटं मॉन्सेरात, दोन सेकंद खरखर, खट्, आणि बारा मिनिटं सातारा. रात्री दादाला नाशिकला फोन केला आणि सांगितलं, पाठवतेय.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शिट्ट्या आल्या का गं?"

"तिन्ही आल्या."